तीन लाख एकाच कंपनीच्या शेअरमध्ये टाकू का? सांगली-साताऱ्याच्या मंडळींनी जरा सांगा

कुपवाड_सेकंडशिफ्ट

राम राम मंडळी. वय २९, कुपवाड एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. पतसंस्थेतली एफडी मॅच्युअर झाली, तीन लाख हातात आलेत. घरचं कर्ज नाही, मुलगी दोन वर्षाची आहे.

आता विषय असा की आमच्या शॉपमधून एका मोठ्या लिस्टेड कंपनीला पार्ट जातात, नाव इथं घेत नाही. गेलं वर्षभर त्यांच्या ऑर्डरी नुसत्या वाढतायत, रविवारी पण ओव्हरटाइम चालू असतो. आमचे सुपरवायझर म्हणतात की अरे याच्यापेक्षा चांगली माहिती कुणाकडं असणार, बाहेरची लोकं पेपर वाचून शेअर घेतात, आपण तर रोज त्यांचा माल बनवतोय, सगळे तीन लाख टाक आणि दोन वर्ष बघू नको, डबल होणार. त्यांनी स्वतः पण घेतलाय. बायको म्हणते सोनं घ्या. वडील म्हणतात शेअर म्हणजे जुगार, पण गंमत म्हणजे वडिलांच्या नावावर साखर कारखान्याचा शेअर आहे आणि तो त्यांना जुगार वाटत नाही.

मला एवढंच विचारायचं आहे की शेअर घेतला म्हणजे मी नक्की काय घेतलं, पैसे अगदी शून्य होऊ शकतात का, की खाली गेले तरी थांबलं की परत येतातच, आणि तीन लाखातले किती टाकणं शहाणपणाचं. डीमॅट (शेअर ठेवायचं खातं) काढलंय, अजून एक रुपयाची खरेदी केलेली नाही. दोन टेलिग्राम ग्रुपला पण जॉइन झालोय, तिथं रोज टार्गेट येतात. त्यांचं काय करू ते पण सांगा.

मिरजकर_काका

तुझे वडील चुकीचं बोलत नाहीत, फक्त त्यांच्या डोक्यात शेअर या शब्दाखाली दोन वेगवेगळ्या वस्तू आहेत. आपल्या भागात हे सगळ्यांचंच होतं म्हणून आधी तेवढं निस्तरू.

कारखान्याचा शेअर म्हणजे सभासदत्व. तो घेतला की ऊस घालायचा हक्क, सवलतीची साखर, सर्वसाधारण सभेत एक मत. मत एकच, तुझ्याकडं एक शेअर असो नाहीतर दहा, सहकारात माणशी एक मत असतं. त्याची किंमत रोज बदलत नाही, बाजारात विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करायचा तर संचालक मंडळाची मंजुरी लागते. म्हणून वडिलांना तो सुरक्षित वाटतो. त्याची किंमत पडताना दिसतच नाही ना.

लिस्टेड कंपनीचा शेअर म्हणजे मालकीचा तुकडा. जेवढे शेअर तेवढी मतं. कंपनीला नफा झाला आणि संचालकांनी ठरवलं तर डिव्हिडंड मिळतो, ठरवलं नाही तर मिळत नाही, त्यावर तुझा कायद्यानं हक्क नाही. बाकीची कमाई म्हणजे उद्या दुसरं कुणीतरी तुझ्यापेक्षा जास्त भाव द्यायला तयार झालं तरच. एफडीत व्याज ठरलेलं असतं, इथं काहीच ठरलेलं नसतं.

पैसे शून्य होऊ शकतात का, तर हो, होऊ शकतात. मालक म्हणजे रांगेत शेवटचा माणूस. कंपनी दिवाळखोरीत गेली तर २०१६ च्या कायद्यात पैसे कुणाला आधी द्यायचे याचा क्रम लिहिलेला आहे. प्रक्रियेचा खर्च, मग कामगार आणि तारणावर कर्ज दिलेल्या बँका, मग बाकीचे, सरकारी देणी, प्रेफरन्स शेअरवाले (ज्यांचा हक्क साध्या शेअरच्या आधी लागतो ते) आणि सगळ्यात शेवटी साधा शेअरधारक. तिथपर्यंत पोचेपर्यंत भांड्यात बहुतेक वेळा काही उरलेलं नसतं. बँकेतल्या ठेवीला पाच लाखापर्यंत विमा आहे, शेअरच्या भावाला कुठलाच विमा नाही. लोक ब्रोकरकडं येऊन विचारतात की सेबी (शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) भरपाई देईल का. भाव पडला तर कुणीही काही देत नाही, एक्स्चेंजचा, म्हणजे शेअर बाजाराचा, जो फंड आहे तो ब्रोकर बुडाला तर कामाला येतो, तो पण ठरावीक मर्यादेत.

पण दुसरी बाजू पण ऐक, नाहीतर तू सगळं सोनारालाच नेऊन देशील. नुकसान झालं तर तू टाकलेल्या रकमेपुरतंच होतं, कंपनीचं कर्ज तुझ्या दारात येत नाही. आणि देशातल्या मोठ्या कंपन्या एकत्र धरल्या तर वीस वीस वर्षाच्या काळात त्यांनी महागाईच्या वर पैसा दिलेला आहे. फक्त तो सगळ्यांचा मिळून हिशेब आहे, त्यातल्या एकेका कंपनीचा नाही. तू विचारतोयस ते एकेका कंपनीबद्दल, आणि जोखीम सगळी तिथंच आहे.

अजिंक्यतारा_खालून

साताऱ्याहून लिहितेय. काकांनी पाया चांगला घातलाय, मी फक्त एकाच वाक्यावर बोलणार आहे, ते म्हणजे "आपण रोज त्यांचा माल बनवतोय". भावा, मला तुझ्या पोस्टमध्ये सगळ्यात धोक्याचं तेच वाटलं. ओळख असणं आणि माहिती असणं या दोन गोष्टी आपण फार पटकन एक करून टाकतो.

आमच्याच गावाचं घे. युनायटेड वेस्टर्न बँक, १९३६ साली अण्णासाहेब चिरमुल्यांनी काढलेली, हेड ऑफिस साताऱ्यात. इथल्या माणसाला त्या बँकेचा मॅनेजर, कॅशियर, शिपाई सगळे नावानं माहीत. तिचा शेअर लिस्टेड होता आणि आपली बँक म्हणून लोकांनी तो घेऊन ठेवलेला. २ सप्टेंबर २००६ ला रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून मोरॅटोरियम (बँकेच्या व्यवहारांवर तात्पुरती बंदी) लागलं आणि ३ ऑक्टोबरला बँक आयडीबीआयमध्ये विलीन. एक महिना. ठेवी सुरक्षित राहिल्या ही मोठी गोष्ट झाली, पण शेअरधारकाच्या हातात शेअरमागे २८ रुपये रोख ठेवले आणि त्याची मालकी संपली. पुढं बँकिंगमध्ये कितीही तेजी आली तरी त्याचा काही संबंध राहिला नाही.

आता तुमची सांगली बँक बघ. १९१६ ची, गणपती मंदिरासारखी गावाची ओळख. एप्रिल २००७ मध्ये ती आयसीआयसीआयमध्ये गेली. तिथं शेअरधारकाला रोख नाही मिळालं, ९२५ शेअरमागे आयसीआयसीआयचे १०० शेअर मिळाले. २०१४ ला आयसीआयसीआयच्या एका शेअरचे पाच झाले, २०१७ ला दहावर एक बोनस आला, म्हणजे ज्यानं ते १०० शेअर तसेच ठेवले त्याच्याकडं आज ५५० आहेत. (स्प्लिट आणि बोनस म्हणजे फुकटचे पैसे असं खूप जणांना वाटतं, तसं नसतं, शेअर वाढतात त्या प्रमाणात भाव उतरतो. पण इथं नंतरच्या वर्षांत धंदा पण वाढला.)

दोन शेजारची गावं, दोन जुन्या बँका, सात महिन्यांच्या आत दोन्ही गेल्या, आणि शेअरवाल्यांच्या नशिबी दोन टोकाच्या गोष्टी. साताऱ्याचा माणूस सांगलीच्या माणसापेक्षा कमी हुशार होता का? दोघंही आपापली बँक सारखीच ओळखत होते. पण बुडीत कर्ज किती, भांडवल किती उरलंय, कोण विकत घेणार आणि कुठल्या अटीवर, हे काउंटरपुढं उभं राहून दिसत नाही.

दुसरं उदाहरण आपल्या डोळ्यासमोर रोज फिरतंय. पाटणच्या वर वनकुसवड्याच्या पठारावर, इकडं चाळकेवाडीला जी पवनचक्क्यांची रांग आहे त्यातल्या कितीतरी सुझलॉनच्या. २००८ च्या सुरुवातीला सुझलॉनचा शेअर चारशेच्या वर होता. पठारावर चक्क्या फिरत होत्या, वारा तोच, मागणी पण होती. पण कंपनीनं परदेशातल्या कंपन्या घेण्यासाठी कर्ज काढलेलं, २०१२ ला परदेशी बाँडचे पैसे देता आले नाहीत, आणि मार्च २०२० ला शेअर दोन रुपयांच्या आसपास आला. या सगळ्या काळात तू पाटणच्या रस्त्यानं गेला असतास तर तुला चक्क्या फिरतानाच दिसल्या असत्या. नंतर कर्ज फिटलं, धंदा सावरला, सप्टेंबर २०२४ ला भाव ऐंशीच्या वर गेला. दोनवर घेतलेल्याचे चाळीस पट झाले, आणि २००८ ला चारशेवर घेतलेला माणूस सोळा वर्षांनी पण ऐंशी टक्के तोट्यात. कंपनी तीच आहे. "थांबलं की परत येतं" या वाक्याला म्हणून काही अर्थ नाही, किती वर्षं थांबायचं आणि कुठल्या भावाला घेतलंय ते सांगितल्याशिवाय.

आणि काही परत येतच नाहीत. डीएचएफएल, होमलोनचं मोठं नाव, दिवाळखोरीत निघाली, २०२१ ला पिरामलकडं गेली, जुन्या शेअरधारकाला शून्य. कमी नाही, शून्य. आणि तसा आदेश येईपर्यंत तो शेअर बाजारात पंधरा-वीस रुपयांना लोक घेत होते, स्वस्त आहे म्हणून. सत्यम या आयटी कंपनीचं ७ जानेवारी २००९ ला अध्यक्षांच्या एका कबुलीपत्रानं १७९ चा भाव ४० वर आला, एका दिवसात. तिथं तर ऑडिट झालेले हिशेबच खोटे होते, वाचून पण कळलं नसतं. येस बँकेत मार्च २०२० ला १०० किंवा जास्त शेअर असलेल्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षं विकायलाच बंदी घातली. म्हणजे भाव सोड, बाहेर पडायचा दरवाजा पण बंद होऊ शकतो.

तुझ्याकडं ऑर्डरी वाढतायत हे खरं असेल. पण ऑर्डर वाढली म्हणजे नफा वाढला असं नाही, कमी भावात घेतलेली ऑर्डर असेल. नफा वाढला म्हणजे पैसे हातात आले असं नाही. पैसे आले तरी ते कर्जात जात असतील. आणि हे सगळं चांगलं असलं तरी त्या शेअरचा भाव आधीच एवढा वर असेल की पुढच्या पाच वर्षांचं चांगलं त्यात मोजून झालंय. शिवाय एक अजून, कुणी बोललं नाही म्हणून सांगते. तुझा पगार त्याच कंपनीच्या ऑर्डरीवर चालतो. ती अडचणीत आली तर ओव्हरटाइम बंद, कदाचित नोकरी पण धोक्यात, आणि नेमके त्याच महिन्यात तुझे तीन लाख निम्मे झालेले. दोन्ही पाय एकाच फळीवर ठेवू नको. मी तर म्हणेन जगातल्या सगळ्या कंपन्यांमध्ये तुझ्यासाठी सगळ्यात कमी योग्य तीच आहे.

विट्याचा_गलाईवाला

ताईंचं सगळं मान्य, पण असं घाबरवून कुणी आयुष्यात पुढं गेलेलं नाही. आमची खानापूर तालुक्यातली माणसं चांदी-सोनं गाळायला पार दक्षिणेपासून आसामपर्यंत गेली, सगळं पणाला लावूनच गेली. अमळनेरचं उदाहरण का देत नाही कुणी? १९४५ ला तिथं वनस्पती तुपाची कंपनी निघाली, गावातल्या लोकांनी शेअर घेतले, नुसते पडून ठेवले, आणि तीच पुढं विप्रो झाली. साधी शेतकरी आणि दुकानदार माणसं कोट्यधीश झाली, ती पण ओळखीचीच कंपनी होती की! दहा ठिकाणी थोडं थोडं टाकून कुणाचं घर बांधून होत नाही. तरुण आहे, पगार चालू आहे, आत्ता नाही तर कधी जोखीम घेणार.

अजिंक्यतारा_खालून

दादा, अमळनेरचं खरं आहे आणि मला त्या लोकांचं कौतुकच आहे. पण त्यांनी ते शेअर तूप कंपनीचे म्हणून घेतले होते, काॅम्प्युटरचा धंदा येणार हे १९४५ ला कुणालाच माहीत असायचं कारण नव्हतं. आणि आपण अमळनेरचं नाव घेतो कारण ते उरलं. त्या काळात महाराष्ट्रात गावोगाव ज्या कंपन्या निघाल्या आणि बंद पडल्या, ज्यांची सर्टिफिकेटं अजून लोकांच्या ट्रंकेत आहेत, त्यांचं नाव कोण घेतं?

गलाईला गेलेल्या माणसांचं वेगळं होतं. ती माणसं स्वतः भट्टीपुढं बसली, नाही चाललं तर गाव बदललं, धंदा त्यांच्या हातात होता. शेअरमध्ये तुमच्या हातात फक्त दोन गोष्टी असतात, कुठल्या भावाला घेतला आणि किती घेतला. बाकी सगळं दुसऱ्याच्या हातात.

आणि गणित बघा ना. पन्नास टक्के पडलं तर परत मूळ जागी यायला शंभर टक्के वाढावं लागतं. ऐंशी टक्के पडलं तर पाच पट व्हावं लागतं. तीन लाखाचे साठ हजार झालेला माणूस मग घाईला येतो, उसने घेऊन अजून टाकतो, इथंच बहुतेकांचं खरं वाटोळं होतं. त्याच माणसानं त्या कंपनीत पंधरा हजारच टाकले असते तर बारा हजार गेले असते, वाईट वाटलं असतं, पण झोप लागली असती आणि पुढच्या वेळी अजून नीट वाचून घेतलं असतं. तरुण आहे म्हणून जोखीम घ्यावी हे मला पण पटतं, पण सगळ्या बाजारात मिळून घ्यावी. जोखमीला पैसे मिळतात ते तिथं. भावा, एकाच कंपनीवर सगळं लावलं तर जास्तीची जोखीम तू फुकटात घेतोयस.

माझं मत विचारशील तर आधी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला, तो बँकेतच. टर्म इन्शुरन्स आणि मेडिक्लेम नसेल तर ते आधी, मुलगी लहान आहे. उरलेल्यातला मोठा हिस्सा निफ्टी ५० च्या साध्या इंडेक्स फंडात (देशातल्या मोठ्या पन्नास कंपन्यांत एकत्र पैसे टाकणारा फंड), एकदम न टाकता वर्षभरात विभागून. आणि शिकायचंच आहे तर एकूण पैशाच्या दहा टक्क्यापर्यंत स्वतः निवडलेल्या कंपन्यांत, एका कंपनीत पाच टक्क्याच्या वर नाही. इंडेक्स फंड पण पडतो हे लक्षात ठेव. २००८ च्या जानेवारीत सेन्सेक्स २१ हजारावर होता तो ऑक्टोबरात आठ हजाराच्या खाली जाऊन आला, २३ मार्च २०२० ला तर एकाच दिवसात ३,९३४ अंक पडला. म्हणून पाच-सात वर्षांच्या आत लागणारा पैसा शेअर किंवा फंड कशातच टाकू नको.

मार्केटयार्ड_डेस्क

मी सांगलीतच एका ब्रोकरच्या ऑफिसात डेस्कला आहे, म्हणून टेलिग्राम आणि प्रत्यक्ष काय बघायचं यावर लिहितो.

ते दोन्ही ग्रुप आजच सोड. ग्रुपवर टार्गेट येतं तेव्हा टाकणाऱ्यानं तो शेअर आधीच खालच्या भावाला घेतलेला असतो. असले शेअर लहान कंपन्यांचे, रोज थोडेच शेअर इकडून तिकडं होतात, त्यामुळं पाचशे माणसं एकदम घ्यायला आली की रोज अप्पर सर्किट, म्हणजे दिवसात भाव वाढायची जी मर्यादा ती गाठली जाते. मग टाकणारा विकून बाहेर पडतो आणि लागतं लोअर सर्किट, म्हणजे दिवसात भाव पडायची मर्यादा. लोअर सर्किट कधी स्क्रीनवर बघितलंयस का? विकणाऱ्यांची लाखभर शेअरची रांग आणि घेणाऱ्याच्या बाजूला शून्य. सकाळी सव्वानऊला ऑर्डर टाकायची, साडेतीनला ती तशीच पडलेली, दुसऱ्या दिवशी भाव अजून पाच टक्के खाली आणि परत तेच. आमच्याकडं माणसं हात जोडून म्हणतात कसंही करून विका, पण समोर घेणाराच नसेल तर आम्ही काय करणार. सल्ला देऊन पैसे घेणाऱ्याचं सेबीकडं रजिस्ट्रेशन असावं लागतं, नंबर सेबीच्या साईटवर तपासता येतो, आणि रजिस्ट्रेशन असलेला माणूस खात्रीशीर परतावा असं म्हणूच शकत नाही. म्हणाला की समजून जायचं. महिन्याला पाच टक्के देतो म्हणणाऱ्यांनी आपल्या सांगली-कोल्हापूर पट्ट्यात किती घरं रस्त्यावर आणली ते सगळ्यांना माहीत आहे.

फ्युचर-ऑप्शनकडं (एफअँडओ, म्हणजे भाव वर जाणार की खाली यावरचे मुदतीचे करार) तर वळून बघू नको. सेबीनं सप्टेंबर २०२४ ला स्वतः आकडे काढले, तीन वर्षांत एक कोटीपेक्षा जास्त लोकांनी एफअँडओ केलं, त्यातले ९३ टक्के तोट्यात, सरासरी तोटा माणशी दोन लाखाच्या आसपास. शेअरमध्ये इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकणं, करणाऱ्यांचं पण दहातले सात तोट्यात असं त्यांच्याच दुसऱ्या अभ्यासात आलंय. घ्यायचं तर डिलिव्हरी, म्हणजे शेअर खात्यात घेऊन ठेवायचा, तो पण स्वतःच्या पैशानं. अ‍ॅपवर मार्जिनची (ब्रोकरकडून उसने घेऊन शेअर घ्यायची) सोय एका बटणावर दिसते, व्याज आणि भाव पडला की सक्तीची विक्री दोन्ही त्याच बटणात असतं.

आता कंपनी कशी बघायची. तासगावला बेदाण्याच्या सौद्यात दाणा हातात घेऊन, फोडून बघितल्याशिवाय कोण बोली लावतं का, तसं आहे हे. एक्स्चेंजच्या साईटवर कंपनीचं नाव टाकलं की सगळं फुकट मिळतं. मी आधी शेअरहोल्डिंग पॅटर्न उघडतो, तो दर तिमाहीला येतो. प्रमोटरकडं (कंपनीच्या मूळ मालकांकडं) किती टक्के आहे, गेल्या दोन वर्षांत कमी होत चाललंय का, आणि त्यातलं गहाण किती टाकलंय. प्रमोटरनं स्वतःचे शेअर गहाण ठेवून कर्ज काढलेलं असेल तर भाव पडला की सावकार ते विकायला काढतो, मग भाव अजून पडतो, आणि तू मधे सापडतोस.

नंतर कॅश फ्लो. नफ्याचा आकडा लिहिता येतो, कामकाजातून आलेली रोकड लपवणं त्या मानानं अवघड. पाच वर्षांचा नफा एका बाजूला मांडायचा आणि पाच वर्षांची कामकाजातली रोकड दुसऱ्या बाजूला. नफा पाचशे कोटी आणि रोकड चाळीस कोटी असं दिसलं तर पैसे अडकलेत कुठं ते शोधायचं, बहुतेक येणी वाढलेली असतात नाहीतर माल गोदामात पडलेला असतो. तुझ्या बाबतीत तर तुला एक गोष्ट घरबसल्या विचारता येईल. तुमच्या शॉपला त्या कंपनीचं पेमेंट किती दिवसांनी येतं? आधी ४५ दिवसांनी यायचं ते आता १२० ला गेलं असेल तर ऑर्डर वाढल्याचं कौतुक कमी करायचं. सुपरवायझर ओव्हरटाइम बघतायत, तू अकाउंटवाल्याला विचार.

कर्ज बघायचं, व्याज भरून नफा किती उरतो ते बघायचं. पीई (भाव हा एका शेअरमागच्या नफ्याच्या किती पट) शेवटी, आणि तो पण त्याच धंद्यातल्या बाकी कंपन्यांशी लावून. वीस रुपयाचा शेअर स्वस्त आणि दोन हजाराचा महाग हे डोक्यातून काढून टाक, भाव एकट्यानं काहीच सांगत नाही. ऑडिटरनं मुदतीच्या मधेच राजीनामा दिला असेल तर पुढं वाचायची गरज नाही, बंद करायचं.

एवढं सगळं करून पण सत्यमसारखं निघू शकतं. म्हणून ताईंनी सांगितलेली पाच टक्क्याची मर्यादा पाळली म्हणून आकडे वाचणं सोडायचं नाही आणि आकडे वाचले म्हणून मर्यादा सोडायची नाही, दोन्ही पाहिजे.

अजून एक, डीमॅट काढलंयस ना, तर शेअर खरंच तुझ्या नावावर आहेत का हे ब्रोकरच्या अ‍ॅपवर नाही, सीडीएसएल किंवा एनएसडीएल (शेअरची नोंद ठेवणाऱ्या संस्था) यांच्या स्वतःच्या लॉगिनमध्ये महिन्यातून एकदा बघायचं. कार्वी या ब्रोकर कंपनीचं २०१९ ला उघड झालं तेव्हा ९५ हजारांच्या वर ग्राहकांचे शेअर ब्रोकरनं परस्पर गहाण टाकले होते. त्यानंतर नियम कडक झाले, विकताना टीपिन (विक्रीला मंजुरी द्यायचा गुप्त आकडा) आणि ओटीपी लागतो, तो कुणालाही सांगायचा नाही, मला पण नाही. आणि नॉमिनी भर, आजच. नॉमिनी नसला की माघारी घरच्यांना किती फेऱ्या माराव्या लागतात ते मी रोज बघतो.

कुपवाड_सेकंडशिफ्ट

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं. अकाउंटवाल्यांना आज जेवणाच्या सुट्टीत विचारलं, पेमेंट पूर्वी दोन महिन्यात यायचं, आता साडेतीन-चार महिने लागतायत म्हणाले. सुपरवायझरना हे माहीतच नव्हतं. तीन लाख टाकत नाही. घरखर्चाचे बाजूला काढतोय आणि मेडिक्लेमचं बघतोय, बाकी इंडेक्स फंड. पंधरा-पंधरा हजाराच्या दोन कंपन्या मात्र वर्षभर वाचून घेणार, आणि त्यात ही नसेल.

दोनच प्रश्न राहिले. घेतलेला शेअर पडला तर अजून घेऊन अ‍ॅव्हरेज करायचा का? आणि टॅक्सचं काय?

मार्केटयार्ड_डेस्क

पडला म्हणून अ‍ॅव्हरेज करू नको. का पडला ते बघ. अख्खा बाजार पडला आणि कंपनीचे आकडे तसेच चांगले असतील तर घ्यायला हरकत नाही, पण ती पाच टक्क्याची मर्यादा तेव्हा पण मोडायची नाही. कंपनीचंच काही बिघडलं असेल तर अजून पैसे टाकण्यापेक्षा तोट्यात विकलेलं बरं. घेतानाच वहीत दोन ओळी लिहून ठेव की हा का घेतला. ते कारण उरलं नाही की विकायचा, भाव काही का असेना.

टॅक्स असा. बारा महिन्यांच्या आत विकला तर नफ्यावर २० टक्के. बारा महिन्यांनंतर विकला तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्याला टॅक्स नाही, वरच्यावर साडेबारा टक्के. हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे. घेताना आणि विकताना दोन्ही वेळा ०.१ टक्का एसटीटी (शेअरच्या व्यवहारावरचा कर) कटतो. डिव्हिडंड तुझ्या उत्पन्नात धरला जातो. तोटा झाला तर लपवू नको, रिटर्नमध्ये दाखव, मुदतीत भरलेल्या रिटर्नमधला तोटा पुढं आठ वर्षं नफ्यातून वजा करता येतो. कमी मुदतीचा तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून जातो, जास्त मुदतीचा फक्त जास्त मुदतीच्याच. आणि पगारदार म्हणून तू आत्ता साधा आयटीआर १ भरत असशील, बारा महिन्यांच्या आत एक जरी शेअर विकलास तर आयटीआर २ लागेल, तेवढं तुमच्या कन्सल्टंटना मार्च संपल्यावर आठवणीनं सांग.